मातीत न उगवलेला कांदा घेऊन लासलगावला

उकरत सुटले व्हते मी. खुरपं फेकलं बाजूला आन हातानंच उकरत व्हते, एक डोंगळा काढला, त्याच्या शेजारचा काढला, मंग अख्खी सरीच. एकालाबी कोंब नाय. बांधापल्याड संपत भाऊजींचे डोंगळे वीतभर वर आले व्हते हिरवेगार, आन आमचं वावर नुसतं ओलं काळं, जसं काय कोनी लावलंच नाय. पूजा, माझी थोरली, तीन वर्षांची, ती माझ्या पदराला धरून रडाया लागली, कारन मी रडत व्हते. मला कळतबी नव्हतं मी रडतेय.

ज्यांनी वावर पाह्यलं नाय त्यांना सांगते. कांद्याचं बी घरी करायचं असलं तर चांगला टनक, गोल कांदा निवडायचा, त्याचं वरचं टोक कापायचं आन तो परत मातीत लावायचा. तोच डोंगळा. त्याला कोंब येतो, दांडा येतो, वर पांढरं फूल, आन फुलातून काळं बी. त्या बियावर पुढचं वर्ष असतं. आमची कांदा साठवायची चाळ यंदा पावसात भिजली, घरचा कांदा सडला, म्हनून आमच्या ह्यांनी लासलगावच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावरून गोन्या आनल्या. कांदा इतका देखना की गल्लीतली मानसं हात लावून गेली. दिवाळी झाली तरी एकाला कोंब नाय. म्हनूनच तर ह्यांनी तो लावायला काढला, की बघा किती टिकाऊ जात हाय. उरला तो आम्ही खाल्ला. मी तर जेवनासंग रोजच खायचे, मला चौथा महिना व्हता, तोंडाला दुसरी चव लागत नव्हती.

संपत भाऊजी बांधावरून आले. माझ्या हातातला कांदा घेतला आन इळ्यानं उभा चिरला. मधोमध, जिथं कोंब बसलेला असतो, तिथं तपकिरी डाग. जळल्यावानी.

"वहिनी, हा किरनाचा कांदा," ते म्हनले. "लासलगावला नवा कारखाना निघालाय. तिथं कांद्यावर किरन मारतेत. मंग त्याला कोंब येत नाय. कवाच येत नाय. दादांनी इचारलं नाय का घेतानी?"

माझी सासू, आत्याबाई, माझ्या मागंच उभी व्हती. तिनं तो चिरलेला कांदा पाह्यला. मंग माझ्या पोटाकडं पाह्यलं. पूजाला कडेवर घेतलं आन घराकडं चालाया लागली.

घरी गेल्यावर बोलली. ह्यांना म्हनली, "ज्याचा गर्भ जळला तोच कांदा हिनं दिवाळीपासून खाल्लाय. मोकळं करून घे हिला. सिन्नरला डाक्टर हाय. अजून वेळ हाय."

आत्याबाई वाईट नाय, हे आधीच सांगते. तिची दोन लेकरं पाळन्यातच गेली, त्यातल्या एकाचं ती अजून तोंडातून नाव काढत नाय. ती भेली व्हती. मीबी भेले व्हते. पन भ्यायचं कुनी आन पोट कुनाचं?

हे खाली बघत बसले. मी म्हनलं, "मी आधी लासलगावला जाते. ज्यांनी किरन मारले त्यांनाच इचारते."

"तुला काय कळनार?" आत्याबाई म्हनली. "सातवी तर शिकलीस."

"कळलं असतं तर घरी बसले नसते का? कळत नाय म्हनून तर इचाराया जाते."

सिन्नर ते लासलगाव

पिशवीत थोडे उकरलेले डोंगळे, थोडे गोनीतले चांगले कांदे, पूजाचा एक फ्राक, आन भाकरी. सिन्नरच्या स्टँडवरून सायखेड्याकडून निफाडला जानारी एस्टी धरली. आमचा भाग कोरडा, दगड आन बाभळी. सायखेड्याला गोदावरी लागली आन रंगच बदलला. पाटाचं पानी, ऊस, आन मंग द्राक्षांचे मांडवच मांडव, तारांवर चढवलेले. आमच्याकडं हिरीला पानी आलं तर मानूस हिरीत वाकून बघतो. तिथं पानी रस्त्याच्या कडंनं वाहत व्हतं आन कुनी बघतबी नव्हतं. दर बागेत कुनी ना कुनी तोंडाला फडकं बांधून फवारत व्हतं, वास गाडीत येत व्हता. मला वाटलं, कांद्याच्या किरनाला मी एवढी भेले, आन ही द्राक्षं तर मी पूजाला न धुता देते.

मंग पिशवी फाटली. गाडीनं असा दनका दिला की बूडच गेलं, आन कांदे शीटांखालून पार डायव्हरपतूर घरंगळले. गाडीतली मानसं चांगली. समद्यांनी वाकून गोळा केले. एक म्हातारी आजी माझ्या मागं बसली व्हती, तिनं एक हातात घेतला, फिरवला. "काय देखना हाय ग, ह्या दिवसांत कोंब नाय," म्हनली आन ओटीत ठेवला. "एक राहू दे मला संध्याकाळला."

"खाऊ नका," मी वरडले.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "ताई, कांदा हाय का सुरुंग?"

"किरनाचा हाय."

"म्हंजे?"

मला सांगता आलं नाय. मलाच ठाऊक नव्हतं. मागून कोनीतरी म्हनलं, "फवारलेला असंल, दुसरं काय." दुसरा म्हनला, "मंग आपन रोज काय खातो, तुळशीपत्र?" हसले समदे. आजी नाय हसली. तिनं कांदा माझ्या मांडीवर ठेवला आन हात लुगड्याला पुसले. परत पुसले. निफाड येईपतूर ती हात पुसत व्हती, आन मी तिच्याकडं बघत व्हते. माझ्या पोटातलं भ्या मी तिच्या हातात दिलं व्हतं, आन ते खरं हाय का खोटं ते मला ठाऊकबी नव्हतं. म्हनलं, आता तर इचारल्याबिगर परतायचंच नाय.

निफाडवरून जीप. पुढच्या शीटावर चौघं, मागं मोजू नका.

लासलगाव जवळ आलं की आधी नाकाला कळतं. मंग ट्रॅक्टरची रांग दिसती, एकामागं एक, कांद्यानं भरलेले, आन डायव्हर खाली उतरून चहा पितेत, पुढचा हलला की हेबी हलतात. एका बाजूला लिलाव, आरडाओरडा, पागोटी, टोप्या. जमिनीवर कांद्याची टरफलं अशी, की पाय ठेवला की कुरकुर वाजतं. पूजाला लय आवडलं. ती मुद्दाम पाय आपटत चालली.

माझी मावशी, गोदामावशी, माझ्या आईची धाकटी बहीन, ती एका शेठच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. खळं म्हंजे व्यापाऱ्याचं मोठं आवार, शेड टाकलेलं, तिथं बाया दिवसभर कांदा निवडतात, मोठा इकडं, बारका तिकडं, आन गोन्या भरतात. खळ्याच्या मागंच तिची खोली. आमच्याकडं पाहुना आला की आधी पानी देतात. तिथं आधी इचारतात.

"काय भाव निघाला तुमच्या सिन्नरला?" मावशी म्हनली. मंग माझं तोंड पाह्यलं. "अगं बाई. ये. बस."

बाजरीची भाकर, लसनाची चटनी, आन मुठीनं फोडलेला कांदा. मी कांद्याला हात लावला नाय.

"लासलगावात येऊन कांदा खात नाय," मावशी म्हनली. "सासरी कुनी शिकवलं ग हे? देवळात येऊन देवाकडं पाठ करून बसल्यावानी."

मी समदं सांगितलं. ती हसली नाय मंग. चुलीत एक पुठ्ठा सारला आन म्हनली, "किरनाचं मला ठाऊक नाय. माल तिकडं जातो एवढं ठाऊक हाय. आमच्याकडून गोन्या जातात, येतानी खोक्यांत येतो. खोकी फोडून आम्ही परत गोन्यांत भरतो. मला वाटलं धुऊन येत असंल."

"धुऊन? कांदा?"

"बाई, शेठ म्हनला भरा, आम्ही भरला."

पूजा चुलीपाशी पुठ्ठ्याच्या तुकड्याशी खेळत व्हती. त्याच्यावर हिरवं गोल छापलेलं, आत फुलावानी पाकळ्या. ती ते फूल बोटानं गिरवत व्हती. मी पाह्यलं आन सोडून दिलं.

कारखान्याच्या गेटासमोर

दुसऱ्या दिवशी मावशी कामाला गेली, मी पूजाला कडेवर घेऊन कारखान्यावर गेले. गावाच्या बाहेर. मला वाटलं व्हतं धूर असंल, आग असंल, काय तरी भयंकर असंल. नुसती भिंत, गेट, आन आत झाडांना पानी घालनारा मानूस.

वॉचमन म्हनला, "काय काम हाय?"

"साहेबांना भेटायचं."

"साहेब कुनालाबी भेटत नाय. पास लागतो."

"पास कोन देतं?"

"साहेब."

मी खाली बसले. गेटाच्या मधोमध. पदर पसरला आन त्याच्यावर ते उकरलेले डोंगळे मांडले एका रांगेत, बाजारात मांडतात तसे, आन एक उभा चिरून ठेवला, जळका डाग वर दिसंल असा. पूजाला मांडीवर घेतलं. मागून कांद्याचा ट्रक आला, त्यानं हॉर्न वाजवला. मी हलले नाय. पूजा मांडीवर पाय पसरून बसली व्हती, उठायचं म्हनलं तरी उठता आलं नसतं. पन ट्रकवाल्याला काय ठाऊक. तो खाली उतरला.

"ओ ताई, मरायचं हाय का?"

"नाय," मी म्हनलं. "तेच इचाराया आले."

आरडाओरडा झाला तसा साहेब आले. साहेब म्हंजे पोरसवदा, चष्मा, पुन्याकडची बोली. त्यांनी माझ्याकडं नाय पाह्यलं, आधी डोंगळ्यांकडं पाह्यलं. चिरलेला उचलला.

"हे मातीत लावले होते का?"

"व्हय."

"अरे देवा," ते म्हनले. "लावायला कोणी दिले तुम्हाला? हे लावायचे नसतात. हे खायचे असतात."

"खाल्लेबी," मी म्हनलं. "मला चौथा महिना हाय."

मंग त्यांनी मला आत नेलं. सावलीत बाकावर बसवलं, पूजाला पानी दिलं. लांबून दाखवलं, जाड भिंत, आन लोखंडी पेट्या एका बाजूनं आत जातात, फिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर. पेटीतला कांदा जसा गेला तसाच आला. मला तर काय फरक दिसला नाय.

"ताई, हात मोडल्यावर एक्स-रे काढतात ना, तसंच समजा," ते म्हनले.

"पोटुशी बाईचा एक्स-रे काढत नाय. आमच्या सिस्टरनं सांगितलंय."

साहेब म्हनले, "बरोबर सांगितलं. का काढत नाहीत? तो किरण बाळातून जातो म्हणून. इथं तो कांद्यातून गेला. गेला म्हणजे गेला, आत राहत नाही. त्यानंतर कांदा तुमच्या घरी आला. किरण नाही आला."

"मंग कोंब का जळला?"

"कोंब म्हणजे कांद्याचा वाढणारा जीव. कोवळा. किरण लागला की त्याची वाढ थांबते, तेवढ्यासाठीच आम्ही देतो. कांदा सडून फुकट जाऊ नये म्हणून. पण ते कांद्याचं झालं. ते काही साथीच्या तापासारखं एकाकडून दुसऱ्याला लागत नाही."

मी इचारलं, "तुमच्या घरी हाच कांदा हाय का?"

त्यांना वाटलं नसंल मी असं इचारीन. चष्मा काढून पुसला. "घरी मी बाजारातून आणतो. तो कुठला असतो, मलाही कळत नाही."

"तुमालाबी?"

"आम्ही इथून शिक्का मारून पाठवतो. प्रत्येक खोक्यावर." त्यांनी दाखवलं. हिरवं गोल, आत फुलावानी पाकळ्या. "हा शिक्का असला की समजायचं किरण दिलेला माल आहे. खायला ठीक, लावायला नाही. तुमच्या गोणीवर होता का?"

माझ्या डोळ्यांपुढं मावशीची चूल आली.

उठतानी साहेब म्हनले, "ताई, दवाखान्यात मात्र जा. कांद्यासाठी नाही. तुम्ही फिकट दिसता."

"आमच्याकडं समद्याच बाया अशा दिसतात," मी म्हनलं. पन मनात म्हनलं, हा मानूस खोटं बोलनारा नाय. खोटं बोलायचं असतं तर म्हनला असता की घरी आम्ही हाच खातो.

शेठच्या खळ्यावर

मी थेट मावशीच्या खळ्यावर गेले. बाया मांडी घालून कांद्याच्या ढिगाला बसलेल्या, मधी खोकी फोडलेली, हिरव्या शिक्क्याची, आन कांदा गोन्यांत चाललेला. शिक्का एकीकडं, कांदा एकीकडं. गोन्यांच्या तोंडाला तीच लाल सुतळी, म्हंजे आमच्या ह्यांनी ज्या गोन्या आनल्या त्याबी इथल्याच. मावशीच्याच हातच्या असतील.

शेठ गादीवर बसले व्हते. मी म्हनलं, "तुमच्या खळ्यावरून आमच्या मालकांनी कांदा नेला. लावला. उगवला नाय."

"मी खायचा कांदा विकला, बाई. लावायचा विकला नाय. तुझ्या मालकानं इचारलं का, लावू का म्हनून?"

"इचारलं नाय. इचारायला गोनीवर काय तरी लिवलेलं पाह्यजे. खोक्यावर शिक्का व्हता, तो तुम्ही फाडला."

बायांचे हात थांबले. शेठनं मावशीकडं पाह्यलं. ही बाई हिच्याच घरातली, हे त्यांना तोंडावरूनच कळलं असनार, आमची नाकं सारखी हायेत. मला वाटलं आता मावशीचं काम गेलं. मावशी म्हनली, "माझी भाची हाय. बोलू द्या तिला, शेठ. तुमाला तोंडावर बोलनारं घरात कुनी नाय, कधीतरी ऐकावं."

दोन-तीन बाया हसल्या. शेठ पन हसले थोडे, पन डोळे नाय हसले.

"बस, चहा घे," ते म्हनले. "मी तुला खरं सांगतो. हा कांदा खराब हाय का? नाय. सरकारनं चालवलंय. पन शिक्का ठेवला की गिऱ्हाईक म्हनतं हे काय हाय, किरन काय, नको बाबा. दुसऱ्या दुकानात जातं. तू सांग, शिक्का पाह्यला असता तर तू घेतला असतास?"

समदे माझ्याकडं बघत व्हते. खरं सांगायचं तर नसता घेतला. काल घेतला नसता. बसमधल्या आजीला मीच तर भेववलं व्हतं, शिक्का नसतानी.

"खायला घेतला असता का नाय, ते मी ठरवलं असतं," मी म्हनलं. "इचारलं असतं कुनाला तरी. लावायला तर नसताच घेतला. पन ते मी ठरवायचं व्हतं, शेठ. माझं पोट, माझं वावर. तुम्ही माझ्यासाठी ठरवलं आन मला सांगितलंबी नाय. आता घरात मला म्हनतात पोट मोकळं कर. चांगला कांदा तुम्ही चोरावानी विकला, म्हनून ते तसं म्हनतात."

शेठ म्हनले, "पोटाचं मला कसं माहीत असनार?"

"कुनालाच माहीत नसतं. म्हनून तर शिक्का असतो."

चहा मी घेतला नाय. मावशीनं घेतला. माझ्या वाट्याचाबी. बाहेर आल्यावर म्हनली, "तुझी आई अशीच व्हती, लग्नाआधी." आन परत जाऊन ढिगाला बसली. तिचं काम गेलं नाय. पन खोकी आजबी फोडतात, हेबी सांगते. माझ्या बोलन्यानं लासलगाव बदललं असं कुनी समजू नका.

परत

परतीच्या गाडीत बसायच्या आधी निफाडच्या स्टँडवर पूजासाठी भत्ता घेतला. कुरमुरे, फरसान, फुटाने, शेंगदाने, वर कच्चा कांदा बारीक चिरून, लिंबू पिळून, कागदाच्या पुडीत. आमच्या नाशिक भागात भत्त्याबिगर प्रवास व्हत नाय. भत्तेवाल्यानं इचारलं, "कांदा जास्त टाकू?" मी इचारलं, "कुठला हाय?" तो म्हनला, "कांदा कांद्याचा असतो ताई." मी पुडी घेतली.

गाडी निघाली. पूजा कांदा बाजूला काढून फुटाने वेचून खात व्हती. एक फुटाना माझ्या हातावर ठेवला. मी तो बघत बसले. भट्टीत भाजलेला, फुगलेला, तडातडा फुटलेला. हा मातीत लावला तर उगवंल का? जन्मात नाय उगवनार. आन असे फुटाने मी पोटुशी असतानीबी खाल्ले, पूजाच्या येळी, मूठमूठ. जत्रेत खाते, उपास सोडून समद्या दिवशी खाते. ज्याचा कोंब भट्टीत मेला ते मी आयुष्यभर खात आले आन कुनी मला सिन्नरला न्यायचं म्हनलं नाय. शिजवलेला भात लावला तर उगवंल का? मंग आपन खातो काय, उगवनारंच खातो व्हय?

साहेबाचं बोलनं मला तवा कळलं. त्यांच्याकडं असतानी नुसतं ऐकलं व्हतं. मी फुटाना खाल्ला. मंग पूजानं बाजूला काढलेला कांदाबी खाल्ला, किरनाचा असंल नसंल, डोळे मिटून. घशाखाली उतरतानी भ्या वाटलंच. कळनं एक आन घशाखाली उतरनं दुसरं.

सायखेड्याच्या पुलावर परत गोदावरी दिसली. जातानी मी नदीकडं नीट पाह्यलंबी नव्हतं. ऊन पान्यावर पडलं व्हतं आन बगळे एका पायावर उभे व्हते, कुठं जायची घाई नसल्यावानी. पूजा म्हनली, "आई, तो लंगडा हाय का?" मी लय दिवसांनी हसले.

घरी

घरासमोर जीप उभी व्हती. डायव्हर टायरला पाय लावून उभा. ओसरीवर आत्याबाईनं माझं एक लुगडं आन चादर बांधून ठेवली व्हती. संपत भाऊजी बांधावरून बघत व्हते, हे जीपच्या दाराला हात लावून उभे.

"बरं झालं आलीस, आज येशील म्हनूनच जीप बोलावली," आत्याबाई म्हनली. "चल. दिवस मावळायच्या आत परत येऊ."

मी उभ्या उभ्या समदं सांगितलं. भिंत, पेट्या, शिक्का, शेठ. फुटान्याचंबी सांगितलं. तिनं ऐकलं. ती ऐकत नाय अशी बाई नाय.

"साहेब शिकलेला हाय," ती म्हनली. "पन तो तुझ्या बाळंतपनाला येनार हाय का?"

"नाय. तुम्ही येनार हाय का?"

तिनं बांधलेल्या चादरीची गाठ आवळली. मंग हळूच म्हनली, "आन वंगाळ झालं तर? पोरी, मी पाह्यलंय. तू नाय पाह्यलं."

"तर मी पाहीन. पन पोटातलं आज जितं हाय, आन ते कांद्यानं मेलंय असं मला कुनी दाखवलं नाय. भ्या हाय तुमचं. माझंबी हाय. भ्यापायी मी जीपमधी बसनार नाय."

मी आत गेले. गोनीतला कांदा काढला, टनक, देखना, कोंब नसलेला. ओसरीवर आनून मुठीनं फोडला, सकाळची भाकर घेतली आन समद्यांच्या पुढं बसून खाल्ला. डोळ्यांतून पानी येत व्हतं. कांद्याचं का कशाचं, मला ठाऊक नाय.

हे म्हनले, "जीपवाल्याला काय सांगू?"

"तुमाला जायचं तर जावा. पोट इथंच राहील."

जीप रिकामी गेली. आत्याबाईनं बांधलेली चादर सोडली, घडी घातली, परत सोडली. तवापासून ती त्या विषयावर बोलली नाय. तो कांदाबी खात नाय. दूध मात्र मला न मागता देते, आन मी प्यायल्याबिगर जागची उठत नाय. दर पंधरवड्याला सिस्टरकडं मी जाते, रक्ताच्या गोळ्या चालू हायेत, सिस्टर म्हनते समदं बरं चाललंय.

हे लिवते तवा सहावा लागलाय. बाळ फिरतं. फिरलं की मला बरं वाटतं आन नाय फिरलं की मी आडवी पडून वाट बघते. भ्या गेलं असं समजू नका. साहेबाचं मला पटलंय, आन तरी पहाटं जाग आली की पटलेलं समदं निघून जातं, मंग फुटान्यापासून परत इचार करावा लागतो.

शेजारनी येतात, म्हनतात, व्हऊ दे बाळंत, मंग कळंल कोन खरं. तसं नाय ते. बाळ आल्यावर समदेच शहाने व्हतील. चांगलं झालं तर म्हनतील आम्ही म्हनतच व्हतो, वंगाळ झालं तरी तेच म्हनतील. मला तवाचं उत्तर नको. तुम्ही शिकलेले असाल, मोठ्या गावात राहत असाल, तुमच्याबी टोपलीत कांदा असंलच, आन तो कुठून आला ते तुमालाबी ठाऊक नसंल. म्हनून आजच इचारते, बाळ यायच्या आधी. तुमच्या हातात एका अनोळखी साहेबाचा शब्द असता, शिक्का दुसऱ्याच्या चुलीत जळालेला असता, सासू खरंच भेलेली असती, नवरा दाराला हात लावून उभा असता, आन जीप चालू असती. तर तुम्ही काय केलं असतं?